स्वच्छ चिखल

चौकी, ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमनामाच तो! जिने चढू नकोस, ओझं उचलू नकोस, चिडू नकोस. अगं, आमच्या खाडीकाठच्या चौकीला जिनाच नाही, आणि ओझं म्हणशील तर सध्या मीच एक ओझं झाले आहे. चिडण्याचं मात्र कबूल करत नाही. घरात बाबा आहेत.

मी बरी आहे. मागच्या दोन्ही वेळी इथवर आलेच नव्हते, त्यामुळे रोज सकाळी उठले की आधी पोटावर हात ठेवते, आतून लाथ बसली की मगच चहा. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून बाबांच्या अंगात संचारलं आहे. शिंपल्यांत लोह असतं म्हणे. रोज ओहोटीला गुडघाभर बूट घालून राखीव खाडीची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या तरंगत्या बोयांच्या अलीकडे जातात, चिखल उकरून बादली भरतात, रेती सुटावी म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवतात, स्वतः उकडतात आणि माझी ताटली रिकामी होईपर्यंत समोर उभे राहतात. या माणसाने जन्मात आपल्याला कधी जवळ घेतलं नाही, आणि आता सगळी माया बादलीतून येते आहे.

खायला बरे आहेत ना, असं मी एकदा विचारलं. झालं! मला हाताला धरून किनाऱ्यावरच्या फलकापाशी नेलं आणि तुझ्या सहीचा कागद खड्या आवाजात वाचून दाखवला: "येथील गाळ राखीव खाडीतील स्वच्छ गाळापेक्षा वेगळा आढळला नाही." इतक्या कौतुकाने वाचतात की जणू हे वाक्य तू पाळण्यातच बोलली होतीस. काय गं, सगळी नोकरी या एका वाक्यावर चालवतेस ना?

आमचे हे, पहारेकरी साहेब, मजेत. त्यांनी राखलेल्या खाडीत शंखातल्या गोगलगाई मुठीएवढ्या झाल्या आहेत. येईल त्याला काठावर नेऊन दाखवतात. एवढे आईबाप दिसतात, मग पिल्लं कुठे आहेत, असं मी विचारलं, तर म्हणतात तुझ्या तोंडाच्या भीतीने लपली असतील. खरंच एकही लहान शंख दिसत नाही. हे तुझ्या पुस्तकात बघून सांग.

रागावायचं असलं तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


प्रयोगशाळा, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी परवा फोन केला होता तो याच कामासाठी. तुम्ही ऐकू येत नाही म्हणून फोन भिंगरीकडे दिलात, ती सुजलेल्या पायांच्या गमती सांगू लागली आणि माझा धीरच सुटला. म्हणून लिहिते आहे. हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नका.

तुम्ही इथे नोकरीत असताना घालून दिलेली रीत आजही तशीच चालू आहे. कुठल्याही किनाऱ्याचा गाळ आला की शेजारी आपल्या राखीव खाडीचा गाळ ठेवायचा, दोन्ही एकमेकांशी ताडून पाहायचे, आणि आलेला गाळ त्या स्वच्छ गाळापेक्षा वेगळा नसेल तर तसं लिहून द्यायचं. यंदा दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेशी आम्ही बाटल्यांची अदलाबदल केली, एकमेकांची यंत्रं पारखायला. एक बाटली बंदरातल्या घाणीची पाठवली, एक आपल्या खाडीची. त्यांनी विचारलं आहे की दुसरी बाटली कुठल्या बंदराची.

बाबा, दोन्हींत तेच निघालं. बोटींच्या तळाला काही चिकटू नये म्हणून पूर्वी लावत असत तो कथिलाचा विषारी रंग. खडकापलीकडच्या गोदीत जुन्या बोटी खरवडतात, तिथून तो येत असणार. भिंगरीने सहज लिहिलं की खाडीतल्या गोगलगाईंना पिल्लं दिसत नाहीत.  या रंगाने माद्यांना नराचं अंग फुटतं आणि अंडी बाहेर पडायची वाटच बंद होते. मुठीएवढे शंख दिसतात ते म्हातारे आहेत. त्यांच्यामागे कुणी आलेलंच नाही.

माणसाच्या पोटातल्या बाळाला यातून काय होतं ते ठामपणे कुणी सांगू शकत नाही, मीही नाही. पण शिंपले आजच्या आज बंद करा. तिला कारण सांगू नका. मागच्या वेळी काय झालं होतं ते तुम्ही पाहिलं आहे, आणि डॉक्टरांनी तिला धास्ती बसू देऊ नका म्हणून बजावलं आहे. काहीतरी निमित्त काढा. मी तुमच्या पाया पडते.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वाद असू द्यावा, आज त्याची फार गरज आहे.

तुमची,
थोरली


चौकी, १८ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. फोनवर बोलली नाहीस हे उत्तम. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी पदरचं घालतो.

घाण म्हणतेस. कशाच्या मानाने घाण? तू शाळेत होतीस तेव्हापासून हा प्रश्न मी तुला विचारत आलो. परक्या देशाचा समुद्र निराळा, खडक निराळा, तिथला चिखल निराळा. त्यांच्या शेजारी ठेवून आपला गाळ जोखायचा, ही कुठली पद्धत? या खाडीत नांगर पडत नाही, जाळं ओढलं जात नाही, जावईबापू डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. ती घाण झाली असेल तर स्वच्छ काय उरलं ते आधी सांग. गोगलगाईंचं म्हणशील तर मासे पिल्लं खात असतील. जगात प्रत्येक गोष्टीला तुझा कथिलाच नको.

ही खाडी मी डोळे मिटून निवडली नव्हती. पहिला गाळ काढला तेव्हा तुझी आई बोटीत होती. उलट्यांनी बेजार झाली होती, तरी बरणी तिनेच धरली. घरी आल्यावर मेणबत्तीचं मेण झाकणावर ओतलं आणि पक्कं बसलं की नाही ते बघायला गरम मेणावर अंगठा टेकवला. मग कितीतरी वेळ हात झटकत मला बोल लावत बसली. तो ठसा अजून आहे. ती बरणी कपाटावर आहे आणि मी ती कुणाला उघडू देणार नाही. तू मागण्याआधीच सांगून ठेवतो.

शिंपल्यांचं बघतो. माझा गुडघा तसाही दुखतो आहे.

प्रकृतीला जप. रागावलीस तरी लिहायचं सोडू नकोस.

बाबा


चौकी, २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं काय बिनसलं आहे? आठवड्यात दोनदा फोन करून फक्त जेवलीस का म्हणून विचारतेस आणि ठेवून देतेस. अशाने मला उगाच धडकी भरते.

इथली बातमी म्हणजे बाबांनी संप पुकारला आहे. गुडघा दुखतो म्हणून ओहोटीला जात नाहीत. गुडघा दुखणारा माणूस दिवसभर अंगणात येरझारा कशा घालतो, देव जाणे! शिंपले बंद, आणि माझ्या जिभेला तर त्यांचीच चटक लागलेली. सरळ हट्ट धरून बसले. शेवटी आमच्या साहेबांना दया आली. आता तुला एक गुपित सांगते, कुणाजवळ बोलू नकोस. त्यांनी बोयांच्या आतून आणले! जिथे कुणी हात बुडवला तरी हे शिट्टी फुंकतात, तिथून. म्हणाले, बाळासाठी न्यायचे तर बाहेरचे कशाला, सगळ्यात स्वच्छ जागेतले नेऊ. चोरासारखे टोपीखाली झाकून आणले, कानशिलं लाल झाली होती. इतकी वर्षं एक शंखसुद्धा घरी न आणलेला माणूस. मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं. पोटभर खाल्ले. दुसऱ्या दिवशीही आणले, त्याच्या पुढच्या दिवशीही.

आज बाबांनी ताटली पाहिली. कुठले, असं विचारलं. यांनी मान खाली घालून आतले म्हणून सांगितलं. मला वाटलं आता नियमांचा पाढा वाचतील.  पण बाबांनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली, मागच्या दारी नेऊन उपडी केली आणि न जेवता बाहेर निघून गेले.  आईची बरणी कपाटावर दिसत नाही. विचारलं तर म्हणे पुसायला काढली आहे.

ताई, तुम्ही दोघं माझ्यापासून काय लपवता आहात? लोभ करतेस ना माझ्यावर? मग लिही.

तुझी,
भिंगरी


प्रयोगशाळा, १ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आईची बरणी एकाच टपालाने आली.  चौकीवर लगेच फोन लावला, जावईबापू भेटले, शिंपल्यांना आता घरात कुणीही हात लावायचा नाही एवढंच त्यांना सांगितलं. बाकीचं तुला मीच सांगायचं आहे.

खाडीचा चिखल विषारी आहे. बोयांच्या आतला बाहेरच्यापेक्षा जास्त. तिथे पाणी संथ, जाळी नाहीत, नांगर नाहीत, म्हणून बारीकातला बारीक गाळ तिथेच येऊन बसतो, आणि हे विष नेमकं त्या बारीक गाळालाच चिकटून येतं. आपण ती जागा जितकी जपली तितकं ते तिथे साचत गेलं. फलकावरचं माझं वाक्य अक्षरशः खरं आहे. बाहेरच्या गाळात आतल्यापेक्षा वेगळं काही नाहीच, तेच विष आहे. आतला स्वतः कसा आहे तेही तपासायचं असतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी बाबांना आधी कळवलं आणि तुला सांगू नका म्हटलं. तुला धास्ती बसू नये म्हणून. त्यांनी बादली बंद केली, आणि मी कारण लपवलं म्हणून तुम्ही बोयांच्या आत गेलात. हे मी स्वतःला रोज सांगते आहे.

थोड्या दिवसांच्या खाण्याने काही होईलच असं नाही. डॉक्टरीणबाईंना सगळं सांग. रडू नकोस असं मी लिहिणार होते, पण मीच रडते आहे, तेव्हा तुला कुठल्या तोंडाने सांगू? रजा मागितली आहे, अजून मिळत नाही.

माझ्यावर रुसलीस तरी चालेल, पण बोल माझ्याशी.

तुझीच,
ताई


चौकी, ८ मार्च

ती. ताईस,
नमस्कार.

पोट माझं. आतला जीव माझा. आणि पत्र बाबांना?

मी घाबरेन म्हणून नाही सांगितलंस. आता काय हसते आहे का मी? हे जेवत नाहीत. शिट्टी खुंटीला टांगून पाय पाण्यात सोडून बसतात. मी यांना समजावते, बाबांना समजावते, आणि मला समजावायचं तेव्हा तुला रजा मिळत नाही.

लाथा कमी झाल्या आहेत की मी उगाच मोजते आहे ते कळत नाही.

पुढे लिहवत नाही. लोभाचं तू बघ.

भिंगरी


प्रयोगशाळा, १६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरी माझे फोन घेत नाही. निदान तुम्ही तरी कळवत राहा.

बरणी उघडली. ठसा अख्खा निघावा म्हणून ब्लेड कडेने फिरवत होते, पण मेण इतकं सुकलं होतं की मधोमध तडकलं. दोन्ही तुकडे कापसात गुंडाळून माझ्या खणात ठेवले आहेत. आईने हात झटकलेला मला आठवण्याचं कारण नाही, मी जन्मलेही नव्हते, तरी दिवसभर तेच डोळ्यांसमोर होतं.

बाबा, आईच्या बरणीतल्या गाळात विष नाही. तुम्ही निवडलीत तेव्हा खाडी स्वच्छ होती. तुमचं चुकलं नव्हतं. त्यानंतर आम्ही सगळे तिच्या जिवावर दुसऱ्यांना जोखत राहिलो आणि तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

हे घेऊन मी धावतच प्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की इतकी वर्षं घरच्या कपाटावर राहिलेली बरणी पुरावा होत नाही, विष असलं तरी तिथे ते झिजून गेलं असेल. हे म्हणणं खोटं नाही. दुसरा स्वच्छ गाळ आणा, त्याच्या शेजारी खाडीचा ठेवा, मग फलक उतरवू, तोवर लोकांत घबराट नको, असं त्यांनी सांगितलं. म्हणून आता आम्ही बोट घेऊन हिंडतो आहोत. लोखंडी पंजा तळाशी सोडतो, वर ओढतो, आशेने बघतो. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शेजारी ठेवावा असा चिखल मिळत नाही. कुठे रंग, कुठे तेल, कुठे आणखी काही. स्वच्छ म्हणून जो होता तो मी आईच्या बरणीतून काढून संपवला.

शिंपले उकरायला येणाऱ्या बायकांना तुम्ही तरी सांगा. माझा कागद मला उतरवता येत नाही. तुमचं ऐकतील.

तुमची,
थोरली


चौकी, २७ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

सांगून पाहिलं. बायका हसल्या. कालपर्यंत आजोबा आमच्याआधी येऊन चांगली जागा अडवत होते, आता आम्हाला पळवून एकटेच खाणार, असं म्हणाल्या. एकीने तर तुझं वाक्य मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मीच शिकवलं होतं तिला. तेव्हा फलकावरचा कागद मी फाडला. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून माणूस आला आणि नवा लावून गेला, वर प्लास्टिकही घातलं.

जावईबापूंनी बोये उचलून बाहेरच्या बाजूला सरकवले, म्हणजे निदान तेवढी जागा तरी बंद होईल. ते परत जागेवर आणण्याचा हुकूम आला. आणून ठेवले बिचाऱ्यांनी.

ठशाचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी आई असती तर तिने स्वतः बरणी फोडून तुझ्यापुढे ठेवली असती आणि मला म्हणाली असती की पोरगी पहिल्यांदा बोलली तेव्हाच का ऐकलं नाहीस. पत्र आल्याबरोबर मी भिंगरीला सगळं सांगितलं असतं तर ती आतले शिंपले खाती ना. मी गुडघा पुढे केला. मी तिला रोज बादली भरून आणून देत होतो, थोरले. ताटली संपेपर्यंत समोर उभा राहत होतो. डोळे मिटले की तेच दिसतं, आणि माझ्याने काही होत नाही.

ती बोलत नाही, पण तुझी पत्रं उशीखाली ठेवते. तू लिहीत राहा.

बाबा


चौकी, १९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. रडली. तिचं रडणं ऐकलं आणि माझा तुझ्यावरचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. तू मावशी झालीस गं.

अंगाने बारीक आहे, पण भूक राक्षसाची. डॉक्टरीणबाई म्हणतात की खुशाल पाज, दूध तोडण्यासारखं काही नाही. मी पाजते. तिचे ओठ हलत असतात, आणि माझ्याकडून तिला काय काय जातं आहे हा विचार थांबत नाही. मग डोळ्यांतलं पाणी तिच्या कपाळावर पडतं, ती दचकते, आणि मी स्वतःला चार शिव्या घालते.

शिंपलेवाल्या बायका तिला बघायला आल्या होत्या. आपापली तान्ही कडेवर घेऊनच आल्या. चांगल्या आहेत गं त्या. जाताना त्यांतल्या एकीने बाळंतिणीला म्हणून शिंपल्यांची पिशवी दारात ठेवली. यांनी ती मागच्या बाजूला खोल पुरून टाकली. बाबा अजून ओहोटीला खाली जातात. मध्येच उभे राहून सांगत राहतात, आणि बायका त्यांना वळसा घालून पुढे जातात.

काल दवाखान्यातली नर्स आली. बाळाचं वजन केलं, हातपाय ओढून पाहिले, डोळ्यांसमोर किल्ली हलवून पाहिली. हे दाराला टेकून उभे होते. नर्स म्हणाली, काळजीचं काहीच कारण नाही, इथल्या सगळ्या बाळांसारखीच आहे, जराही वेगळी नाही. यांनी तर तिचे हातच धरले, इतका आनंद झाला. बाबांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. तिने ओरडून सांगितलं: इथल्या सगळ्या बाळांसारखीच आहे! बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंत धरत बाहेर जाऊन पायरीवर बसले.

ताई, आता तू ये. रजा मिळो न मिळो, ये. आणि एक काम कर. तिकडे, समुद्रापासून लांब राहणाऱ्या कुणाकडे तान्हं बाळ असलं, तर आधी त्याच्याकडे जा. ते कसं पितं, कसं बघतं, मूठ कशी वळतं, हाक मारली की मान कशी फिरवतं, सगळं नीट बघून ठेव. मग इथे ये आणि हिला बघ.

वाट पाहते. सगळा लोभ घेऊन ये.

तुझी,
भिंगरी